ओठ हलवणाऱ्यांचा एप्रिल

मिरजेत गाणं शिकवणाऱ्या माणसाला मे महिना सुट्टीचा वाटत नाही. शाळा बंद म्हणजे मुलांची सकाळ मोकळी, आणि सकाळ मोकळी म्हणजे क्लासला सबब नाही. त्यात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं उन्हाळी सत्र याच सुमाराला येतं. माझी आई गायनाचा क्लास घेते, त्यामुळे आमच्याकडे सुट्टी लागली की भल्या पहाटेच पेटीचा भाता हलायला लागतो. माझी मावसबहीण, आमची ताई, पुण्यातल्या एका मराठी शाळेत गायनाची शिक्षिका आहे. पाचवी ते आठवी, दर वर्गाला आठवड्याला एक तास. निकाल लागला की ती तंबोरा घेऊन आमच्याकडे येते. निमित्त जवारी काढून घेण्याचं असतं, कारण त्या कामाला मिरजेसारखं गाव नाही. खरं कारण माझ्या मते आईशी भांडणं हे आहे.

दोघींचा पेशा एकच. पण एकीकडे दहा-बारा मुलं येतात, तीही फी भरून. दुसरीकडे एका वर्गात साठ, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना गायनाचा तास म्हणजे डबा लवकर संपवायची वेळ. यंदाचं भांडण मी शेजारी बसून ऐकलं. मला गळा नाही, पण कान आईनं पिळून तयार केलेले आहेत.

आई: शेवटच्या तासांना काय घेतलंस? उजळणी?

ताई: तास मिळाले तर घेणार ना! मार्च उजाडला की गणिताचे सर दारात उभे. 'बाई, तुमचा तास द्या, आमची उजळणी राहिलीय.' माझी उजळणी राहिलीय असं मी त्यांच्या दारात जाऊन म्हणून बघायला पाहिजे एकदा.

आई: परीक्षा झाल्यावर मोकळे दिवस असायचे की. आमच्या वेळी एप्रिल अख्खा पडलेला असायचा.

ताई: तो गेला. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं लावल्या, थेट २५ एप्रिलपर्यंत. मग पेपर तपासा, निकालपत्रकं भरा आणि १ मेला झेंडावंदन करून निकाल वाटा. त्यामुळे माझं वर्ष परीक्षेच्या आधीच संपतं. जे दोन-तीन तास वाचवता येतात, त्यात भेंड्या खेळतो.

आई: भेंड्या! सरकार पगार देतं ते गाण्याच्या भेंड्यांसाठी?

ताई: अक्षरावरच्या नाहीत गं मावशी. आमचा नियम वेगळा आहे. एका गटानं ज्या सुरावर गाणं सोडलं, तो सूर धरून दुसऱ्या गटानं पुढचं गाणं उचलायचं. पेटी बंद, मोबाइल बंद. सूर हरवला की भेंडी चढली.

इथे आईनं हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. वाद घालताना ती हात थांबवत नाही. ऐकायला लागली की थांबवते.

आई: सोडतात कुठल्या सुरावर?

ताई: बहुतेकदा सा वरच. मग पट्टी तीच राहते आणि सोपं जातं. पण सातवीतल्या एका पोरीनं गाणं मध्येच पंचमावर तोडलं, मुद्दाम. समोरच्या गटानं तो पंचमच सा धरला.

आई: म्हणजे पट्टी एका पंचमानं वर.

ताई: पुढच्या गटानं पुन्हा तेच केलं. मग काय, वर्ग नुसता किंचाळायला लागला. शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या, काय झालं म्हणून.

आई: त्या पोरीला षड्ज-पंचम कळलाय. तिला नाव माहीत नसेल, पण कळलाय. तिला क्लासला घाल कुठेतरी. आणि किंचाळलेली पोरं पुढच्या तासाला घशाला हात लावून बसली असतील, ते नाही सांगितलंस. मुलांना वरची पट्टी पेलत नाही असं नाही, पण मानेच्या शिरा ताणून पेलली तर तो आवाज वर्षभर तसाच राहतो. खेळ चांगला आहे. पण कुठवर जायचं ते तू ठरवायचंस.

ताई: खेळात मी मधे पडले की खेळ संपतो.

आई: मग संपू दे. गळा मुलांचा आहे.

हा मुद्दा आईचा, आणि मला तो मान्य आहे. शाळेतल्या गाण्यावर माझा जुना राग हाच आहे की पट्टी कोणाच्या सोयीची, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. शिक्षक पुरुष असला की तो आपल्या काळी एक-दोनमध्ये सुरू करतो, आणि मुलं खाली पुटपुटतात किंवा सप्तक बदलून वर ओरडतात. बाई असल्या तर काळी चार-पाच, म्हणजे पोरींचं बरं चाललेलं असतं आणि आठवीतली मुलं गायब. राज्यगीताचंही तेच. 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झालं; राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. आता ते शाळाशाळांतून होतं आणि व्हावंही. पण बऱ्याच ठिकाणी लाउडस्पीकरवर ती ध्वनिफीत लावतात आणि मुलांनी तिच्याबरोबर गायचं असतं. साबळ्यांचा गळा तयारीच्या शाहिराचा. दहा वर्षांच्या पोरानं त्या पट्टीत काय गायचं? ताई १ मेच्या कार्यक्रमाला स्पीकर बंद करायला लावते आणि पेटीवर मुलांची पट्टी देते. त्यावरून तिचं मुख्याध्यापकांशी वाजलेलं आहे. एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघी एकाच बाजूला असतात.

आई: बरं, भेंड्या झाल्या. आणखी?

ताई: एक तास मागणीचा. ज्याला जे गायचंय ते गायचं. कोणी 'नाच रे मोरा' म्हणतं, कोणी 'सैराट'मधलं.

आई: झिंगाट.

ताई: झिंगाटच. आणि साठच्या साठ पोरं गातात. एकही ओठ बंद नसतो.

आई: त्याला गाणं नाही म्हणत, दंगा म्हणतात.

ताई: मावशी, स्नेहसंमेलनाला काय होतं तुला माहितेय. डिसेंबरात साठातली बारा निवडायची, गोड आवाजाची. उरलेल्यांना मागच्या रांगेत उभं करायचं. आणि कोणीतरी मोठं माणूस, कधी शिक्षक, कधी पालक, कधी नाचाचे सर, त्यांना हळूच सांगतं, 'तू नुसते ओठ हलव हं.' हे वाक्य मूल विसरत नाही. मी पालकसभेत चाळिशीच्या बायका बघितल्यात, ज्या सांगतात, मला गाता येत नाही, चौथीतच बाईंनी सांगितलं होतं. एप्रिलमधले माझे तास त्या ओठ हलवणाऱ्यांचे आहेत. तिथे प्रेक्षक नाही, ढाल नाही, कोणी व्हिडिओ काढत नाही.

आई: आणि त्यांना बेसूर गाऊ द्यायचं.

ताई: आधी गाऊ द्यायचं.

आई: 'आधी'च्या पुढे तुझं वर्ष संपतं. बेसूर गाणाऱ्या मुलाचा कान खराब नसतो. त्याला आपला आवाज आणि समोरचा सूर एकत्र ऐकायची सवय नसते, एवढंच. त्याला तंबोऱ्याशेजारी बसवायचं, त्याच्या सोयीचा एक सूर द्यायचा, तो धरायला लावायचा, मग त्याच्या शेजारचा. महिना लागतो, दोन महिने लागतात, पण बहुतेक पोरं येतात सुरात. मी आणलीत. झिंगाटनं नाही येत. गर्दीत आवाज बुडवून टाकला की त्याला वाटतं, जमलं. आणि जून उजाडतो.

ताई: साठ मुलांना एकेक सूर कधी द्यायचा? माझ्याकडे पस्तीस मिनिटं असतात. त्यात हजेरी.

आई: तेच म्हणते मी. म्हणून सुट्टीत द्यायचा.

भांडणाचा खरा विषय इथे सुरू होतो. आधीचं सगळं पेटीचा भाता भरून घेण्यासारखं होतं.

ताई: मी सुट्टीत मुलांना रियाज देत नाही.

आई: का? पाच अलंकार, रोज वीस मिनिटं. कोणाला भारी आहे?

ताई: कारण घरी पेटी नाही, तंबोरा नाही, सांगणारं कोणी नाही. वीस मिनिटं चूक घटवून येतील. शिवाय आठवीतल्या पोरांचे आवाज फुटायला लागलेत. सकाळी एक आवाज, दुपारी दुसरा. कंठमणी वाढतोय, आतल्या स्वरपट्ट्या लांब होताहेत, सगळा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली सरकणार. त्यांना अलंकार द्यायचे तर कुठल्या सप्तकात?

आई: आमच्याकडे अशा मुलाला सरळ गप्प बसवायचे. वर्षभर गाणं बंद, तबला धर.

ताई: आणि वर्षानं किती परत यायचे?

आई: (जरा थांबून) थोडे.

ताई: म्हणून मी त्यांना बंद करत नाही. चार-पाच सुरांत गातील एवढंच देते, वर ओढू देत नाही. आवाज चिरकला की वर्ग हसतो, तेव्हा मी सांगते, हा चिरकला नाही, हा बदलतोय. पण हे मी समोर असताना. मे महिन्यात त्यांच्याजवळ मी नसते. तेव्हा त्यांना आंबे खाऊ दे, विहिरीत उड्या मारू दे.

आई: जुन्या लोकांत चिल्ला असायचा. चाळीस दिवस अखंड रियाज, बाहेरचं जग बंद. तुझी उन्हाळ्याची सुट्टी चाळीस दिवसांच्या वरच भरते. देवानं मोजून दिलीय.

ताई: देवानं नाही, शिक्षण खात्यानं. आणि विदर्भात ऊन जास्त म्हणून शाळा आणखी उशिरा उघडतात. तिकडच्यांचा चिल्ला पन्नास दिवसांचा धरायचा का?

आई: थट्टा नको. विष्णु दिगंबर इथेच, मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले. १८९६ ला बाहेर पडले आणि लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं १९०१ साली, ५ मेला. मे महिन्यात, लाहोरच्या उन्हात! त्यांनी मेमध्ये शाळा उघडली, तू मेमध्ये बंद करतेस.

यावर ताईला हसू आवरेना. मला वाटलं आईनं बाजी मारली. पण ताई कुमार गंधर्व घेऊन आली. आमच्या घरात कुठल्याही वादात हुकमाचं पान तेच असतं. फरक एवढाच की दोन्ही बाजू ते आपल्या हातात आहे असं समजतात.

ताई: कुमारजी १९४८ ला देवासला गेले ते क्षय घेऊन. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-सहा वर्षं गळा बंद! ती सुट्टीच होती ना, सक्तीची? अंथरुणावर पडून ते काय ऐकत होते? दारावरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची गाणी. तिथून त्यांचं पुढचं सगळं गाणं निघालं, नवे राग निघाले, 'अनूपरागविलास' निघालं. न गाता कानांनी केलेलं काम आहे ते.

आई: छान. आणि ते अंथरुणावर पडायच्या आधी? अकराव्या वर्षी अलाहाबादच्या परिषदेत मोठमोठ्या उस्तादांसमोर गाऊन आलेला मुलगा तो. मग मुंबईत ऑपेरा हाउसला देवधर मास्तरांकडे इतकी वर्षं शिकलेला. इतकं भरलेलं असल्यावर मौन बोलतं. तुझ्या पाचवीतल्या पोराच्या मौनात काय आहे? रिकामंच आहे ते.

ताई: रिकामं नाही. आपण तिकडे बघत नाही. आणि मावशी, तंबोरा महिनाभर वाजणार नसेल तर तूच त्याच्या तारा उतरवून ठेवतेस. ताण सतत ठेवला तर तबलीवर जोर येतो म्हणून.

आई: उतरवते. काढून टाकत नाही. आणि उतरवलेल्या तारा रोज पुसते, गंज चढू नये म्हणून. पुसायचं काय दिलंयस तू त्यांना?

मला इथे थांबून एक सांगावंसं वाटतं. या दोघींच्या भांडणात दोघी ज्याला गृहीत धरतात ते महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला येतच नाही: गायनाच्या बाई. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलं आहे. लिहिलं आहे. त्याखालच्या संख्येच्या शाळांचं काय, आणि पाचवीपर्यंतच्यांचं काय, हे कायदाही सांगत नाही. तिथे जो शिक्षक भाषा शिकवतो तोच प्रार्थनेला सूर देतो, आणि तो कुठला सूर असेल हे त्याच्या त्या सकाळच्या तब्येतीवर ठरतं. दुसरीकडे दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून आईच्या क्लासला आठवी-नववीत अचानक गर्दी होते. आईला हे आवडत नाही आणि ती त्यांना नाहीही म्हणत नाही. 'आली तर आली,' म्हणते, 'गुणांसाठी आली तरी भूप शिकूनच जातील.'

ताई: दिलंय पुसायला. एक चिठ्ठी दिलीय प्रत्येकाला, निकालपत्रकाबरोबर. 'सुट्टीत घरातल्या किंवा गावाकडच्या मोठ्या माणसाकडून एक गाणं शिकून या. मोबाइलवरचं नको.' जूनमधल्या पहिल्या तासाला तेवढंच गायचं.

आई: आज्यांना कुठला सूर असतो? त्यांनीही कोणीतरी ओठ हलवायला सांगितलेल्याच असतील.

ताई: मागच्या जूनमध्ये एका मुलीनं आजीची ओवी आणली, बीडकडची. जात्यावरची. मी स्वरलिपी करायला बसले, नाही झाली. गंधार सापडेना.

आई: सापडेना म्हणजे?

ताई: कोमल वाजवला तर उतरतो, शुद्ध वाजवला तर चढतो. मधेच कुठेतरी आहे.

आई: मुलगी कच्ची असेल. घसरत असेल.

ताई: मीही तसंच धरलं. मग तिला चार वेळा गायला लावलं, वेगवेगळ्या दिवशी. चारही वेळा गंधार तिथेच. शेवटी पेटी मिटून टाकली. बारा पट्ट्यांत तो नाहीच.

आई उठली, आत गेली आणि स्वतःचा तंबोरा घेऊन आली. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, घोडीवरचे दोरे जरासे मागे-पुढे केले. जवारी खुलली तसा खर्जाच्या तारेतून अंतर-गंधार ऐकू यायला लागला. 'म्हण,' म्हणाली. ताईनं ओवीची चाल शब्दांशिवाय म्हटली. आईनं तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा स्वतःही बरोबर म्हटली आणि गंधारावर थांबून राहिली. तारेतून निघणाऱ्या गंधाराच्या तो खालीच राहत होता, पण कोमल म्हणावा इतका नाही. मलाही ते ऐकू आलं.

आई: कच्ची नाहीये ती. चांगला धरलाय. आजीकडून जसा आला तसा. (तंबोरा आडवा ठेवत) किती बायकांकडे असं असेल?

ताई: गी प्वातवँ आणि हेमा राईरकरांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. बायकांनी सांगितलेल्या, जात्यावरच्या. आता जाती बंद झाली, तरी आज्या आहेत अजून. दहा वर्षांनी ही चिठ्ठी द्यायला उशीर झालेला असेल.

आई: म्हणजे तुझा सुट्टीचा अभ्यास गाणं गोळा करण्याचा आहे. गाणं शिकण्याचा नाही.

ताई: त्या मुलीनं गंधार शिकला की. मी नाही शिकवला. मला येतही नव्हता.

आई: एका मुलीनं. साठातल्या. बाकीचे?

ताई: बाकीच्यांत पंधरा-वीस जणांनी आरत्या आणल्या. काहींनी पाळणे. एकानं आजोबांकडून भारूड आणलं, अर्धंच आलं पण हातवारे पूर्ण आले. आणि बरेच जण काहीच न आणता आले, हेही खरं.

आई: जे काहीच न आणता आले, त्यांच्यासाठी माझे अलंकार.

ताई: त्यांना अलंकारही आले नसते.

आई: तू फार लवकर माघार घेतेस. मुलांना जड काही दिलं की ती पळतात, असं तुला वाटतं. नाही पळत. ज्याचं त्याला कळावं लागतं की आज कालच्यापेक्षा बरं लागलं. ते आनंदाचंच असतं, झिंगाटइतकंच. पण तुझ्या तासात ते कळायला जागाच नाही. तिथे सगळेच छान.

ताई यावर लगेच काही बोलली नाही. माझ्या मते आईचं हे बोलणं त्या दुपारभरातलं सगळ्यात खरं होतं, आणि ताईचं ओठ हलवणाऱ्यांबद्दलचं दुसरं. दोन्ही एका तासात बसवायचं कसं, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गणिताच्या सरांकडून तास परत मागा म्हणालो असतो.

ताई: बरं, पुढच्या वर्षी चिठ्ठीत एक ओळ वाढवते. 'रोज पाच मिनिटं सा लावा.' चालेल?

आई: कशाबरोबर लावणार? घरी पेटी नाही म्हणालीस.

ताई: मोबाइलवर तंबोरा मिळतो.

आई: वरच्या ओळीत मोबाइल नको असं लिहिलंयस.

ताई: मग आजीबरोबर लावा, असं लिहिते.

आई: हां. आणि खाली लिही, आजीचं गाणं सुधारू नका. जसं आहे तसं आणा.

ताई: आणि पालकांनी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नये?

आई: ते नको लिहूस. लिहिलं की आठवतं त्यांना.